प्रेमोच्चार आणि जोडीचा प्रवास (परभणी जिल्हा)

पती-पत्नींनी एकमेकांवरचे प्रेम बोलून दाखवण्याच्या आणि जोडीने प्रवासाला जाण्याच्या परभणी जिल्ह्यातील रीती. इकडची माणसे प्रेम बोलतच नाहीत, हा समज सर्रास आढळतो. पुराव्याशी तो जुळत नाही. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांतून गोदावरी वाहते. हाल सातवाहनाच्या नावावरील ‘गाथासप्तशती’ याच नदीच्या मुलखातली. महाराष्ट्री प्राकृतातल्या तिच्या सुमारे ७०० गाथांत ओढ, रुसवा, भेटीची खूण हे सारे कितीतरी वेळा बाईच सांगते. पुढे नवऱ्याचे नाव घेणे वर्ज्य झाले. ‘अहो’, ‘अमक्याचे बाबा’ यांवर भागू लागले. तरी बोलणे थांबले नाही, फक्त त्याला आडोसा लागला. उखाण्यात यमकाच्या आडून नाव घेता येते, तेही आग्रहाने. पहाटे जात्यावर बसलेली बाई सीतेच्या वनवासाची ओवी गाई, तेव्हा स्वतःचेही बरेच सांगून टाकी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या ओवीसंग्रहात जिल्ह्यातल्या ताडकळसच्या ओव्याही आहेत.

प्रवासाचेही तसेच. मधुचंद्र हा शब्द रुळण्याआधीपासून नवी जोडपी कुळदैवताला जात आली आहेत: कोणी तुळजापूरला, कोणी माहूरला, खंडोबा ज्यांच्या कुळाचा ते जेजुरीला. जेजुरीच्या पायऱ्यांवर नवरदेव नवरीला उचलून घेतो, निदान पाच पायऱ्या तरी, आणि घरची वडील मंडळी कौतुकाने पाहतात. एरवी अंगणात हातात हात घेतला तरी भुवया उंचावतील; देवाचे निमित्त मिळाले की तीच जवळीक विधी ठरते. जोडीच्या या पहिल्या प्रवासाचा बेत घरच्यांच्या संमतीनेच आखला जाई, आणि सोबत घरचे कोणीतरी असेच.

हल्ली कोरियन मालिकांमुळे ‘सारांगहे’ (माझे तुझ्यावर प्रेम आहे) म्हणणारी मुले-मुली भेटतात, मग जुन्या रीतींचे काय उरले, असा आक्षेप येईल. पण घरच्यांना न कळणारी भाषा हाही आडोसाच की! शिवाय खुद्द कोरियातही मूल झाल्यावर नवरा-बायको एकमेकांना मुलाच्या नावाने, अमक्याचे बाबा, अमक्याची आई असे हाक मारतात. तिथल्या जोडप्यांचे जेजू बेट मधुचंद्रासाठी गाजले, त्यामागेही निर्बंध होताच: १९८९ पर्यंत सर्वसामान्यांना परदेशी सहलीची मोकळीक नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आडोशाची गरज प्रामुख्याने बाईलाच का पडावी? नाव टाळायचे तिने, उखाणा घ्यायचा तिने. नवरा मात्र तिला खुशाल नावाने हाक मारणार. हा आक्षेप खरा आहे. मात्र त्याने सिद्ध होते ती रीतीतली विषमता, प्रेमाचा अभाव नव्हे. ही विषमता थोडी सैल होते आहे: आता लग्नात नवरदेवालाही उखाणा घ्यायला लावतात.