बाळंतिणीची खोली

धाकटी लेक गेल्या महिन्यात बाळंतपणाला आली. आठवा सरून नववा लागायच्या बेतात. तिच्या मागोमाग आठ दिवसांनी जावई आले, ते गाडीच्या टपावर लाकडी पिंजऱ्यासारखं काहीतरी बांधून. बाळाचा पलंग म्हणे. चारी बाजूंनी गज, वर मच्छरदाणी अडकवायची दांडी. सोबत रंगाचा डबा आणि ब्रश. "मामा, आतली खोली आम्ही दोघं रंगवतो," म्हणाले. पुण्यात कंपनीत कामाला असलेला माणूस, शर्टाच्या बाह्या वर सारून भिंत खरडायला लागला. लेक दारात खुर्ची टाकून बसली आणि कुठं कुठं राहिलं ते त्याला दाखवू लागली.

मी आणि आमची मंडळी सोप्यात बसून बघत होतो. मंडळी हळूच म्हणाली, "लेकरू अजून जगात आलं न्हाई, अन् त्येचा पलंग आधी घरात?" लेकीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली. मी काही बोललो नाही. तिच्या मनात काय आलं असेल ते मला माहीत होतं.

तेवढ्यात आतून लेकीचा आवाज आला, "दादा, ही खिडकी अशी वाकडी कुणी बसवली?"

मीच बसवली. १९८४ साली, तिच्या थोरल्या बहिणीच्या वेळी.

आमचं घर माळवदाचं. बार्शी तालुक्यात आमच्याकडं जुनी घरं बहुतेक तशीच. दगड-मातीच्या दोन हात जाड भिंती, वर मातीचं धाबं. उन्हाळ्यात गार, पण आत उजेड म्हणून नाही. सर्वांत आतल्या खोलीत दिवसासुद्धा हात पुढं करून चालावं लागे. त्या खोलीत ज्वारीची कणगी असायची आणि घरात कोणी अवघडलेली असली की कणगी हलवून तीच बाळंतिणीची खोली व्हायची. अंधार जेवढा जास्त तेवढी खोली चांगली, कारण वारं लागत नाही आणि नजर लागत नाही.

तयारी कशी असायची ते सांगतो. सातवा लागला की म्हाताऱ्या बाया कामाला लागत. पांढऱ्या मातीनं भिंती पोतारायच्या, भुई शेणानं सारवायची. बाजल्याची सुतळी आवळायची. शेकासाठी शेण्या आणि बाभळीचा कोळसा वेगळा काढून ठेवायचा. ओवा, शेपा, सुंठ, डिंक, खारीक, हळीव, गावरान तूप. धुरीला लसणाच्या साली. आता ही यादी नीट बघा. यातली एकूण एक वस्तू बाळंतिणीची आहे. लेकरासाठी काय? जुन्या लुगड्याच्या चिंध्या, आणि शेजारच्या जगलेल्या पोराचं उतरलेलं अंगडं. पाळणा आधी बांधायचा नाही, नवं कापड आधी शिवायचं नाही, नाव तर मनातसुद्धा आणायचं नाही. पाळणा बारशाला यायचा, तोही बहुधा कुणाकडून तरी मागून आणलेला.

लहानपणी मला वाटायचं ही गरिबी आहे. गरिबी होतीच. पण चांगली दहा एकर बागायत असलेल्या घरातही हेच असायचं. खरी गोष्ट अशी, की लेकरू राहील याची कुणाला खात्रीच नव्हती.

आमच्या आईला पाच बाळंतपणं. थोरली अक्का आजोळी झाली, ती जगली. पुढची चारही याच खोलीत. १९५८ साली मुलगा झाला, तो नवव्या दिवशी गेला. १९६० ला मी. १९६३ ला मुलगी, ती आठव्या दिवशी गेली. मग धाकटा भाऊ. गेलेली दोन्ही लेकरं जन्मली तेव्हा चांगली होती, असं आई सांगायची. दोन-तीन दिवस मोठ्यानं रडली, चुरूचुरू प्याली. मग एका दिवशी तोंड उघडेना. छाती तोंडात दिली तरी ओढेना. जबडा बसला, मुठी आवळल्या, पाठ धनुष्यासारखी वाकली. नुसतं कोणी शिवलं किंवा भांडं वाजलं तरी अंगाला झटका यायचा. पाचवी पुजली होती. पाटा-वरवंटा मांडून, कोरा कागद आणि टाक ठेवून सटवाईला नशीब लिहायला बोलावलं होतं, रात्रभर दिवा ठेवला होता. उशाला विळाही होता. तेव्हा सगळ्यांनी एकच म्हटलं, सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं. काहींनी सुईणीला बोल लावला. तिचा हात वाईट म्हणाले.

बाराव्या दिवसाच्या आत गेली म्हणून दोघांची बारशी झाली नाहीत. त्यांना नावं नाहीत.

आता तो विळा. सुईण गावकुसाबाहेरची. आमच्या घरात एरवी तिला उंबऱ्याच्या आत घेत नसत, पण नाळ कापायचं काम घरच्या बाईनं करायचं नाही, विटाळ. म्हणून त्या एका रात्रीपुरती तिला आतल्या खोलीपर्यंत वाट मोकळी. नाळ रुपयावर धरायची आणि विळ्यानं कापायची. विळा घरचा. दिवसभर गोठ्यात कडबा तोडणारा, शेणामातीत पडलेला. कापल्या जागेवर चुलीतली राख नाहीतर शेणीची राख. हत्यार आम्ही दिलं, राख आम्ही दिली, आणि वाईट कोणाचा तर तिचा हात. पायलीभर ज्वारी आणि जुनं लुगडं घेऊन ती निघून जायची. लेकरू गेलं तर तेही कुरकुरत द्यायचे.

धनुर्वाताचा जंतू शेणात आणि मातीत असतो हे मला दहावीला असतानाही माहीत नव्हतं. १९७७ ला मी दहावी झालो, शास्त्रात पासही झालो. पुढं तालुक्याच्या वाचनालयाची सवय लागली तेव्हा हळूहळू कळत गेलं. कितासातो नावाच्या जपानी डॉक्टरनं जर्मनीत बर्लिनला हा जंतू १८८९ साली वेगळा काढून दाखवला. १८८९ ते १९६३ म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षं. बर्लिनहून आमच्या आतल्या खोलीपर्यंत यायला त्या माहितीला चौऱ्याहत्तर वर्षं पुरली नाहीत.

त्याच वाचनालयात चरकसंहितेचं मराठी भाषांतर हाती लागलं. त्यात सूतिकागार आहे. नववा महिना लागायच्या आधी बांधायचं, दार पूर्वेला नाहीतर उत्तरेला, जागेतली हाडं, खडे, खापऱ्या काढून टाकायच्या. नाळ कापायला सोन्याचं, रुप्याचं किंवा लोखंडाचं धारदार हत्यार सांगितलंय. म्हणजे पोथीत वेगळी खोली होती, वेगळं हत्यार होतं. पण पोथी ज्यांच्या घरात होती ते नाळ कापायला बसत नव्हते, आणि जी कापत होती तिला पोथीला हात लावायची परवानगी नव्हती.

आणि आनंदीबाई जोशी. त्यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्यातून ती पोर अमेरिकेला गेली, १८८६ साली डॉक्टर झाली. पदवीसाठी जो प्रबंध लिहिला तो हिंदूंमधल्या बाळंतपणाच्या शास्त्रावरच. पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, पुण्यात वारली. तिचं नाव आम्हाला शाळेत होतं, पहिली मराठी बाई डॉक्टर म्हणून. ते दहा दिवसांचं लेकरू धड्यात होतं की नाही मला आठवत नाही. असतं तरी आईच्या दोन लेकरांशी त्याचा संबंध जोडायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

१९८४ चं सांगतो. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. होणाऱ्या बापाला तयारी अशी नसतेच. गाडी जुंपून बायकोला पोचवायची, सांगावा आला की पेढे वाटायचे, संपलं. पण आमच्या मंडळीची आई लग्नाआधीच वारली होती. माहेरी करणारं कोणी नव्हतं. आई म्हणाली, "हितंच करू." असं माझ्या वाट्याला ते काम आलं.

उपकेंद्राच्या नर्सबाई आठवड्यातून एकदा गावात येत. त्यांनी मंडळीला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं दिली, महिन्याच्या अंतरानं. आईचं आईला मिळतं आणि आईच्या रक्तातून पोटातल्या लेकराला मिळतं, असं समजावून सांगितलं. मग खोली बघायला आत आल्या. कंदील घेऊन बघावी लागली. आईनं आदल्याच दिवशी शेणानं हातभर जाड सारवून ठेवली होती. बाई म्हणाल्या, "आजी, इथं शेण नको. मातीपण नको. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं पातं, स्वच्छ दोरा. नाळेवर काही लावायचं नाही." आणि कशासाठी ते सांगितलं. तोंड न उघडणं, पाठ वाकणं, सगळं.

आई ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे माझी दोन लेकरं शेणानं ग्येली?"

नर्सबाईंनी उत्तर दिलं नाही. आईच्या हातावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, "बार्शीला जा. फरशा आन." मी गाडी घेऊन गेलो आणि शहाबादी फरश्या आणल्या, उधारीवर. अर्धी खोली त्यांनी झाकली. मग म्हणाली, "उजेड पायजे. भित फोड." आबा चिडले. बाळंतिणीला वारं लागून वात झाला तर कोण निस्तरणार, घराची आढी हलली तर? म्हातारी चुलत आजी तर रडायलाच लागली, की या घरात आजवर कुणी असं केलं नाही. आई एवढंच म्हणाली, "आजवर केलं त्ये बघितलं की मी."

मी पहार घेतली. दोन हात भिंत, आतून दगड सुटता सुटेना. दोन दिवस लागले. चौकट सुताराकडून जुनी मिळाली, ती मापात बसेना म्हणून एका अंगाला पाचर मारली. वाकडी झाली ती तशीच राहिली. पण पहिल्यांदा त्या खोलीच्या कोपऱ्यात ऊन पडलं तेव्हा आई दारात उभी राहून बघत होती. भिंतीवर कणगीच्या मागं केवढी जळमटं होती ती तेव्हा दिसली.

लंगोट्या आणि दुपटी तिनं घंगाळात उकळली. लेकराची कापडं उघड्यावर वाळवायची नाहीत, नजर लागते, असा गावाचा रिवाज. आईनं ती अंगणात तारेवर, भर उन्हात वाळत घातली. गल्लीतल्या बाया नावं ठेवून गेल्या. विळा मात्र तिनं टाकला वगैरे नाही. विळा वैरणीला लागतो. गोठ्यातल्या मेढीला अडकवून ठेवला आणि मला सांगितलं, ह्यो घरात आनायचा न्हाई.

सुईण तीच, आता म्हातारी झालेली. पण तिला आरोग्य केंद्रावर दाईचं प्रशिक्षण मिळालं होतं. येताना पुडकं घेऊन आली, त्यात पातं आणि दोरा. कंदिलाच्या उजेडात साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. पाणी मी ओतलं. आत जाताना ती आईला म्हणाली, "तवा ह्ये असतं तर वयनी..." आईनं तिला पुढं बोलू दिलं नाही.

मुलगी झाली. पहाटेची वेळ.

पाचवी पुजली. नर्सबाई काही म्हणोत, सटवाईचा कागद आणि टाक आईनं ठेवलाच. सहाव्या रात्रीपासून ती बाजल्याशेजारी जमिनीवर निजायला लागली. निजायला म्हणजे बसून राहायला. लेकरू प्यायला लागलं की तिचा कान तिकडं. मी सोप्यातून ऐकायचो. पिल्याचा बारीक आवाज यायचा आणि मग आईचा श्वास. आठवा दिवस गेला. नववाही गेला. दहाव्या दिवशी सकाळी आई डोक्यावर पाटी घेऊन रानात गेली, इतक्या दिवसांनी. संध्याकाळी आली तेव्हा डोळे सुजलेले होते. आबांनी काही विचारलं नाही, मीही नाही. बारशाला मात्र तिनं मागून पाळणा आणू दिला नाही. सुताराला सांगून नवा करवला.

पुढं १९८५ ला सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम आला, २००५ नंतर गावात आशाताई आल्या, बाळंतपणं दवाखान्यात गेली. आता १०८ ला फोन केला की गाडी दारात येते, बहुतेक वेळा. १९८८ या एका वर्षात जगात सात लाख सत्याऐंशी हजार नवजात लेकरं धनुर्वातानं गेल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. आणि २०१५ साली, नवजात लेकरांचा आणि बाळंतिणींचा धनुर्वात भारतातून हटल्याचं त्याच संघटनेनं मान्य केलं. वर्तमानपत्रात छोटीशी बातमी होती. आई तोवर राहिली नव्हती. मी ती कापून तिच्या फोटोच्या चौकटीमागं सरकवून ठेवली.

लेकीला मी हे सगळं सांगितलं नाही, अवघडलेल्या पोरीला कशाला. खिडकीचं तेवढं सांगितलं, की भिंत जाड होती आणि मला सुतारकाम येत नाही. जावई म्हणाले, "मामा, काढून नवी सरळ बसवू का? अॅल्युमिनियमची, सरकती." मी म्हटलं, चौकट राहू द्या, आतून जाळी लावा, डास येतात. त्यांनी मापं घेतली. पाचरीच्या बाजूला जाळी दोन बोटं तिरपी कापावी लागली.

पलंग त्यांनी खिडकीखाली लावला. संध्याकाळी मंडळी आत गेली, गजांवरून हात फिरवला, आणि कपाटातून आईच्या लुगड्याची गोधडी काढून त्यात अंथरली.