‘औषध’, वार आणि बाळाचा मेंदू



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कपाशीवर फवारायच्या विषाला सगळे ‘औषध’च म्हणतात. तपासायला आलेल्या गर्भवतीला मी विचारतो, "औषधाशी संबंध येतो का?" उत्तर बहुधा ठरलेलं असतं. "नाही डॉक्टरसाहेब, फवारणी घरचे करतात. मी फक्त पाणी आणून देते, त्यांचे कपडे धुते." या ‘फक्त’पायी आज थोडा इतिहास सांगावासा वाटतो.

वार म्हणजे बाळाभोवतीची पक्की भिंत, अशी एके काळी डॉक्टरांचीही समजूत होती. ती मोडली जपानमधल्या मिनामाता गावाने. तिथल्या कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांतून माणसांच्या पोटात गेला आणि १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांची बाळं मेंदूला गंभीर इजा होऊन जन्मली. आईला सोसलेलं विष बाळाला सोसेलच असं नाही, हे तेव्हा कळलं.

आता आपल्या ‘औषधा’कडे येऊ. १९३०च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशकं शोधत होते. १९३६ मध्ये त्यांच्या हाती ताबून लागलं. ते इतकं जहाल निघालं की त्याचा युद्धासाठी विषारी वायू बनवला गेला. मोनोक्रोटोफॉस आणि १९६५ मध्ये बाजारात आलेलं क्लोरपायरीफॉस ही त्याच ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातली. मज्जातंतूंमधला निरोप पोचवून झाला की तो थांबवणारं एक एन्झाइम असतं. ही रसायनं तेच बंद पाडतात. अळी त्यानेच मरते, आणि माणसाला विषबाधाही त्यानेच होते. गर्भातल्या बाळाचा मेंदू अजून घडत असतो, आणि अशी विषं निकामी करण्याची ताकद त्याच्यात फार कमी असते.

अमेरिकेत क्लोरपायरीफॉस घरात झुरळांसाठीही फवारत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने बाळंतपणाच्या वेळी नाळेच्या रक्तात ते मोजलं आणि मुलं मोठी होईपर्यंत त्यांची तपासणी केली. २०११ च्या अहवालात दिसलं की ज्यांच्या रक्तात ते जास्त होतं, त्यांची सातव्या वर्षी स्मरणशक्ती आणि बुद्ध्यांक कमी भरले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या शेतमजूर कुटुंबांच्या अभ्यासात, गर्भारपणी सर्वाधिक संपर्क आलेल्या गटातल्या मुलांचा बुद्ध्यांक सर्वात कमी संपर्काच्या गटापेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी आढळला. या आया विषबाधा होऊन दवाखान्यात आलेल्या नव्हत्या. त्या रोजचं जगणं जगत होत्या.

अमेरिकेत या रसायनाचा घरगुती वापर २००१ च्या सुमारास थांबला, आणि युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याची परवानगी काढून घेतली. त्याच वर्षी भारत सरकारने बंदीसाठी सुचवलेल्या २७ कीटकनाशकांच्या मसुद्यात क्लोरपायरीफॉस होतं, पण त्यावर सरसकट बंदी आली नाही.

२०१७ च्या पावसाळ्यातलं यवतमाळ तुम्हाला आठवत असेल. फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. जे कोसळले त्यांची मोजदाद झाली. पण त्याच शेतांत निंदण करणाऱ्या गर्भवतींच्या पोटातल्या बाळांचं काय झालं, हे विषबाधेच्या आकडेवारीत दिसत नाही. थोड्या-थोड्या संपर्काचा परिणाम शाळेत कळतो, आणि तोवर कारण विसरलेलं असतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. हे आकडे सरासरीचे आहेत. एखाद्या मुलाला अभ्यास जड जातो तो यामुळेच, असं कुणालाही सांगता येणार नाही. रक्तक्षय, आहार, अशी कारणं पुष्कळ असतात. त्यामुळे कुठल्याही आईने स्वतःला दोष देऊ नये, आणि सासरच्यांनी तर मुळीच नाही.

घरात कुणी गर्भवती असेल तर एवढं करा. पंपात औषध कालवणं, त्यासाठी पाणी देणं तिला लावू नका. फवारलेल्या शेतात निंदण-वेचणीला लगेच पाठवू नका. फवारणीचे कपडे ज्याने घातले त्यानेच, वेगळ्या बादलीत धुवावेत. औषधाचा डबा घरात ठेवू नका, आणि रिकामा झाला तरी पाण्याला वापरू नका. आणि पुढच्या तपासणीला याल तेव्हा ते ‘फक्त’ नीट सविस्तर सांगा. मला ते ऐकायचं असतं.