प्राचार्यांचं गहाण पडलेलं घर आणि आपली कॉलेजची पोरं

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण सातारा-सांगलीवाल्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाचं एक फुटबॉल स्टेडियम आहे. त्यात एक लाख सात हजारांच्या वर माणसं बसतात. विद्यापीठाच्या पोरांचा खेळ बघायला! तिथल्या विद्यापीठांकडे शंभर-शंभर वर्षांपूर्वीच्या खेळाडूंची नावं, फोटो, आकडे सगळं जपून ठेवलेलं असतं. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की कोल्हापूरच्या तालमी आणि शाहू स्टेडियम आठवतं. आपल्या दोन जिल्ह्यांचा जीव मात्र कुस्ती, कबड्डी, खो-खोत. ते असू दे. प्रश्न असा आहे की आपल्या कॉलेजांतून कोण खेळाडू घडले, आणि त्यांचा खर्च कुणी केला?

सुरुवात खाशाबांपासूनच करावी लागते. खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, गाव गोळेश्वर, तालुका कराड. १५ जानेवारी हा आता राज्य क्रीडा दिन आहे. त्या दिवशी सगळीकडे फोटोला हार पडतो, भाषणं होतात. पण खाशाबा हे कॉलेजचे खेळाडू होते, ही गोष्ट भाषणात फारशी येत नाही. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. अंगानं किरकोळ. असं सांगतात की कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत क्रीडा शिक्षकांनी त्यांना घ्यायलाच नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले, परवानगी आणली, आणि आपल्यापेक्षा दांडग्या पोरांना चितपट केलं.

१९४८ ला लंडन ऑलिंपिक. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तोवर खाशाबांची सगळी कुस्ती लाल मातीतली, गादीची सवय नाही. तरी फ्लायवेट गटात सहावा नंबर काढला. चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली तेव्हा संस्थान विलीन झालेलं होतं. महाराजांच्या खजिन्याचा आधार गेला होता, आणि नव्या सरकारला कुस्तीगिराला परदेशी पाठवायची सवय लागलेली नव्हती. खाशाबा घरोघर, गावोगाव पैसे मागत हिंडले. गोळेश्वरच्या लोकांनी जमेल तेवढं दिलं. कमी पडत होते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले.

१९५२ चे सात हजार. एका कॉलेजच्या प्राचार्याचं घर. पोरगा हरून आला असता तर? त्या माणसानं हा विचार केला असेल का नसेल, देव जाणे. पण घर टाकलं.

२३ जुलै १९५२. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक घेतलं. सुवर्ण जपानच्या शोहाची इशीला, रौप्य सोव्हिएत संघाच्या राशिद मामादबेयोवला. असं सांगतात की शेवटच्या दोन कुस्त्यांच्या मधे नियमाप्रमाणे विश्रांती मिळायला हवी होती. पण खाशाबांची बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी जागेवर नव्हता. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं, अटलांटात लिएंडर पेसचं. मधे ४४ वर्षं गेली.

परत आल्यावर कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती अजून लोक सांगतात. मिरवणुकीनंतरची गोष्ट मात्र कमी सांगतात. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः मैदानात उतरले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं, घर सोडवलं. मग १९५५ ला पोलिसात भरती. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. २००० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आता १९५२ हेच वर्ष जरा वेगळ्या बाजूने बघा. त्याच वर्षी फेब्रुवारीत भारतानं क्रिकेटमध्ये पहिला कसोटी विजय मिळवला, मद्रासला, इंग्लंडविरुद्ध. कप्तान होते विजय हजारे. जन्म सांगलीचा, १९१५. त्यांच्या खेळाला आधार दिला देवास आणि बडोद्याच्या राजघराण्यांनी. म्हणजे फेब्रुवारीत संस्थानांच्या आश्रयावर घडलेला सांगलीचा माणूस आणि जुलैत प्राचार्यांच्या गहाणखतावर गेलेला कराडचा माणूस, दोघांनी देशाला पहिलंवहिलं काहीतरी दिलं. एक आश्रय मावळत होता. दुसरा उभा राहायचा होता.

तो उभा राहावा म्हणून काय काय झालं, तेही बघू. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज कर्मवीर अण्णांनी १९४७ ला काढलं, कराडचं गाडगे महाराज कॉलेज १९५४ ला. १९४९ ला साताऱ्याचे दोन तुकडे झाले, दक्षिण सातारा पुढे १९६० ला सांगली जिल्हा झाला. १९६२ ला शिवाजी विद्यापीठ आलं आणि कोल्हापूर-सांगली-सातारा एका छत्राखाली आले. शेतकऱ्याच्या पोराला आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविद्यापीठ अशी चढायला पायरी मिळाली. त्याच १९६२ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य आणलं. ते मात्र तालमीतले, लाल मातीतले गडी. तालीम आपल्याकडे विद्यापीठाच्या आधीपासून विद्यापीठाचं काम करत होती.

पुढच्या साठ वर्षांत आश्रयदाते बदलत गेले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. दुष्काळी तालुका. रेल्वेची नोकरी होती म्हणून पोरगी निश्चिंत धावू शकली. २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत गेली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. फलटण तालुक्यातल्या सरडेचा प्रवीण जाधव, आईवडील मजूर. त्याला हात दिला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीनं आणि नंतर लष्करानं. २०१९ ला जागतिक स्पर्धेत सांघिक रौप्य, मग टोकियो ऑलिंपिक. साताऱ्याची अदिती स्वामी, शिक्षकाची मुलगी. २०२३ ला बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीत विश्वविजेती. अंतिम फेरी १४९ विरुद्ध १४७. तिचा सराव उसाच्या रानातल्या छोट्या अकादमीत, आणि आईवडिलांनी तिच्यासाठी कर्ज काढल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं.

आणि विद्यापीठाचा खेळाडू म्हणाल तर सांगलीचा संकेत सरगर. वडिलांची पान-चहाची टपरी. पोरगा शिवाजी विद्यापीठाचा विद्यार्थी, विषय इतिहास! २०२० च्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये पहिला. ३० जुलै २०२२, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा. ५५ किलो गटात स्नॅचला ११३, क्लीन अँड जर्कला १३५, एकूण २४८ किलो. दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलं, तरी तिसऱ्यासाठी उभा राहिला. मलेशियाच्या खेळाडूनं उचलले २४९. एका किलोनं सुवर्ण गेलं, पण त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक सांगलीच्या पोरानं दिलं.

आता ही यादी खर्चाच्या बाजूने वाचा. महाराज, प्राचार्यांचं घर, गावाची वर्गणी, तालीम, रेल्वे, लष्कर, बापाची टपरी, आईबापाचं कर्ज. शासन आणि विद्यापीठ मधेमधे येतात, मदतही करतात, नाही असं नाही. प्रबोधिनी नसती तर प्रवीण नसता, विद्यापीठ स्पर्धेमुळे संकेतला एक मोठं व्यासपीठ मिळालं. पण पदकाआधीचा खड्डा बहुतेक वेळा घरानंच भरलाय. पदकानंतर सत्काराला सगळे येतात. पदकाआधी खुराकाचे, बुटांचे, रेल्वे तिकिटाचे पैसे कोण देतं, तिथं खेळाडू टिकतो नाहीतर गळतो. आणि गळालेल्यांचा इतिहास कुणी लिहीत नाही.

खर्डेकर सरांची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. सांगावीच. पण ७० वर्षांनी सुद्धा कुणाला तरी कर्ज काढावं लागत असेल, तर त्या गोष्टीतून आपण फक्त कौतुक उचललं, धडा उचलला नाही.

दोन साध्या गोष्टी होऊ शकतात. एक, प्रत्येक कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून खेळाडूंसाठी छोटा कायमचा निधी उभा करावा. स्नेहमेळाव्याच्या मांडवाचा आणि जेवणाचा खर्च बघितला तर हे अवघड नाही. दुसरी, प्रत्येक कॉलेजनं विद्यापीठ संघातून खेळलेल्या आपल्या पोरापोरींच्या नावांचा फलक लावावा. जुन्या नियतकालिकांत ही नावं आणि ग्रुप फोटो पडून आहेत, वाळवी लागायच्या आत ती बाहेर काढा.

आता तुमचं काम. तुमच्या कॉलेजातून विद्यापीठाकडून खेळलेला जो खेळाडू तुम्हाला आठवतो, त्याचा खेळ, कॉलेज आणि साल खाली लिहा. कबड्डीचा असू दे, खो-खोचा असू दे, नाहीतर मिरजेच्या मैदानावर फुटबॉल खेळलेला असू दे. आणि त्याच्या खुराकाचे पैसे कोण द्यायचं, हे माहीत असेल तर तेही नक्की लिहा.