वास्तूंचे स्थलांतर : श्रीरंगपट्टण ते कुर्डी

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना म्हैसूरची वाट परिचयाची असते. नाइस रस्त्याने म्हैसूर मार्गाला लागले, की काही तासांत कावेरीच्या बेटावरील श्रीरंगपट्टण येते. १७९१ च्या उन्हाळ्यात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा याच परिसरात उतरल्या होत्या. टिपू सुलतानाचा किल्ला, मशीद आणि रंगनाथस्वामींचे मंदिर पाहून प्रवासी परततात. रेल्वे स्थानकाजवळचे टिपूकालीन शस्त्रागार मात्र फारसे कोणी पाहत नाही. या वास्तूचे वैशिष्ट्य असे, की ती आज आपल्या मूळ जागी उभी नाही.

बंगळूर–म्हैसूर लोहमार्गाच्या दुहेरीकरणात हे शस्त्रागार आडवे येत होते. विटा-चुन्याची ती जुनी इमारत पाडणे इतिहासाला मानवणारे नव्हते आणि मार्ग वळवणेही सोपे नव्हते. अखेर २०१७ च्या मार्च महिन्यात सुमारे एक हजार टन वजनाची ही संपूर्ण वास्तू उचलून शंभर मीटरांहून अधिक अंतरावर नेण्यात आली. या कामी भारतीय अभियंत्यांना अमेरिकेतील तज्ज्ञांचे साह्य लाभले.

अशा कामाची रीत ऐकायला सोपी, करायला अवघड. प्रथम इमारतीभोवतीची माती काढून पाया मोकळा करतात. भिंतींखाली पोलादी तुळया सरकवून वास्तूचा सारा भार त्यांवर घेतात. मग जलदाबाचे जॅक सर्व बाजूंनी एकाच वेळी, एकाच मापाने वर चढवतात. एक कोपरा जरी पुढे-मागे झाला, तरी भिंतीला तडा जातो. जुन्या चुन्याच्या बांधकामात तर तो धोका अधिक. वास्तू अधांतरी झाली, की आधीच तयार केलेल्या नव्या पायाकडे तिला अगदी संथपणे सरकवतात. रस्ते उंच झाल्यामुळे पावसाचे पाणी घरात शिरू लागले, तर राहते घर जॅकवर उचलून जोते वाढवण्याचे काम आज अनेक शहरांत होते. त्यामागचे तत्त्व हेच आहे.

जी वास्तू अखंड हलवता येत नाही, तिच्यासाठी दुसरी रीत आहे : सुटी करून नेणे आणि पुन्हा जोडणे. आस्वान धरणाच्या पाण्यात बुडू पाहणारी इजिप्तमधील अबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून सुमारे पासष्ट मीटर उंचावर पुन्हा उभारली गेली. आपल्या देशात नागार्जुनसागरामुळे नागार्जुनकोंड्याचे बौद्ध अवशेष त्याच सुमारास टेकडीवर आणि काठावर हलवावे लागले.

मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण गोव्यातील आहे. सांगे तालुक्यातील कुर्डी हे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे जन्मगाव. साळावली धरणासाठी हे गाव बुडणार, हे ठरले तेव्हा तेथील कदंबकालीन महादेव मंदिराचा प्रश्न उभा राहिला. मंदिराचा प्रत्येक चिरा क्रमांक घालून उतरवण्यात आला आणि सुमारे सतरा किलोमीटर अंतरावर त्याच क्रमाने पुन्हा रचण्यात आला. कित्येक वर्षे चाललेले ते काम. त्याच गावातील जांभ्या कातळात कोरलेली प्राचीन मातृदेवताही कापून काढून वेर्णे येथे नेण्यात आली.

माणसांचे स्थलांतर इतक्या नेमकेपणाने झाले नाही. तसे ते कोठेच होत नाही. सुमारे तीन हजार वस्तीचे कुर्डी वाडे, वालकिणी अशा नव्या वसाहतींत विभागले गेले. चिऱ्यावर घातलेला क्रमांक चिऱ्याला शेजारी मिळवून देतो. अंगणापलीकडची हाक, विहिरीवरची गाठभेट, शेताच्या बांधावरचा तंटा यांना क्रमांक घालता येत नाहीत. १९८० च्या दशकात गाव पाण्याखाली गेले.

परंतु कथा तेथे संपत नाही. दरवर्षी मे महिन्यात साळावलीचे पाणी ओसरते आणि घरांची जोती, वाटा, झाडांचे खुंट उघडे पडतात. तेव्हा कुर्डीकर आपल्या मुलाबाळांना घेऊन तेथे जातात. हिंदू कुटुंबे सोमेश्वराच्या देवळात उत्सव करतात, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या कपेलाचे फेस्त साजरे करतात. हलवलेले मंदिर दूर सुरक्षित उभे आहे. लोक मात्र त्याच्या मूळ गावी जमतात. पावसाळा आला, की सारे पुन्हा पाण्याखाली जाते.

इलेक्ट्रॉनिक सिटीचीही एक जुनी ओळख आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस केओनिक्स या कर्नाटक सरकारच्या संस्थेने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर ती वसवली. काचेच्या इमारतींच्या त्या गर्दीत आज गाव शोधावे लागते. पण मेट्रोच्या पिवळ्या मार्गावरील एका स्थानकाच्या नावात कोनप्पन अग्रहार अजून टिकून आहे. दूरच्या शहरांत स्थायिक झालेले माजी विद्यार्थी हीरक महोत्सवासाठी ज्या ओढीने शाळेच्या आवारात येतात, तिची जात कुर्डीकरांच्या त्या मे महिन्यातील वाटचालीहून निराळी नाही. शाळेची इमारत कधी नवी होईल, कदाचित हलेलही. आवारातल्या त्या जागेची खूण पुढच्या पिढीला दाखवण्याचे काम मात्र येणाऱ्यांनाच करावे लागते.