राजीनाम्यांचे शहर

नारायण पेठेत केसरीवाड्याच्या दरवाजातून आत शिरणारा माणूस बहुधा टिळकांचे मेज, मंडालेच्या आठवणी आणि गणपती यांच्या शोधात असतो. या वास्तूचा विचार कारभाराच्या अंगाने कोणी करत असेल असे वाटत नाही. 'व्यवस्थापन' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारती आणि अमेरिकी लेखकांची जाडजूड पुस्तके येतात. पेठेतला वाडा येत नाही. आणि तरीही, मालक नसलेली संस्था कोणी चालवायची, कशी चालवायची आणि मतभेद झाला तर काय करायचे, या प्रश्नांवर या शहराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत जेवढे डोके शिणवले तेवढे हिंदुस्थानातल्या फार थोड्या शहरांनी शिणवले असेल. केसरीवाडा ही त्या प्रयोगाची एक बाजू. दुसरी बाजू समजून घ्यायची तर मुठेपलीकडच्या फर्ग्युसन महाविद्यालयाकडे आणि त्याही आधी बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्याकडे जावे लागते.

त्या वाड्यात जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. सरकारी नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर, त्यांच्या बरोबरीने टिळक, पाठोपाठ नामजोशी, वामन शिवराम आपटे आणि एम.ए. होऊन आलेले आगरकर ही नावे आपण शाळेत पाठ केलेली असतात. पाठ केल्यामुळेच एक गोष्ट निसटते. या मंडळींपुढे दोन नमुने होते. एक सरकारी शाळेचा, जिथे वर साहेब आणि खाली मास्तर. दुसरा मिशनरी शाळेचा, जिथे पैसा आणि हुकूम दोन्ही परदेशातल्या मंडळाकडून येत. तिसरा, खासगी शाळेचा नमुनाही पुण्यात होता, पण तिथे शाळा म्हणजे चालकाची मिळकत. या तरुणांनी तिन्ही बाजूला ठेवले. शिकवणारेच शाळेचे चालक, चालकांत कोणी धनी नाही, आणि नफा नावाची वस्तूच नाही, अशी त्यांची कल्पना होती. १८८१ च्या जानेवारीत 'मराठा' आणि 'केसरी' निघाले तेही याच कल्पनेच्या पोटातून. आर्यभूषण छापखान्याचे खिळे रातोरात स्वतःच्या खांद्यांवरून वाहून आणल्याची हकीकत टिळक पुढे अभिमानाने सांगत. त्या हकीकतीत त्याग आहेच. पण संपादक आणि हमाल यांत फरक न मानणारी कारभाराची एक पद्धतही आहे.

चिपळूणकर १८८२ च्या मार्चमध्ये वारले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. संस्थेचे दोन आधारस्तंभ तुरुंगात आणि एक काळाच्या पडद्याआड, असे असूनही शाळा चालत राहिली, ही पद्धतीची पहिली कसोटी म्हणावी लागेल. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची रीतसर स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन महाविद्यालय उघडले. या सोसायटीच्या घटनेत 'लाइफ मेंबर' ही संज्ञा आली. आपण पुढे तिला आजीव सदस्य म्हणू लागलो. (आज कोणत्याही वाचनालयात पैसे भरून आजीव सदस्य होता येते. शब्दांची अशी घसरण पाहिली की वाईट वाटते.) तेव्हाच्या आजीव सदस्याने वीस वर्षे संस्थेत शिकवण्याची प्रतिज्ञा करायची, दरमहा पंचाहत्तर रुपयांच्या आसपास वेतन घ्यायचे, आणि त्या बदल्यात संस्थेच्या कारभारात प्रत्येकाला एक मत. देणगीदार होते, त्यांचे प्रतिनिधी कौन्सिलात बसत. राजेरजवाडे आणि गव्हर्नरही आश्रयदाते होते. पण वर्गात काय होणार, कोणाला घेणार, कोण प्राचार्य होणार, या रोजच्या बाबी शिकवणाऱ्यांच्या मंडळाच्या हाती होत्या. प्राचार्य हा बरोबरीच्या माणसांतला एक होता. त्याच्या खुर्चीमागे मालक उभा नव्हता.

हा विचार किती धीट होता हे कळायला त्या वेळच्या पदवीधराचा बाजारभाव ध्यानात घ्यावा लागतो. एम.ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरीत शेकडो रुपयांचा पगार समोर दिसे. आगरकरांनी आपल्या आईला पत्र लिहून, मुलगा मोठा पगारदार होईल ही आशा सोडून दे, असे कळवले ते याच सुमारास. त्या पत्रातला हृदयद्रावक भाग आपण वारंवार आळवतो. मला त्यामागचा हिशेब अधिक विचार करायला लावतो. पगाराने माणसे बांधता येत नसतील तर कशाने बांधायची? या मंडळींचे उत्तर होते: प्रतिज्ञेने आणि मताने. टिळकांच्या मनात जेझुइट संघाचा आदर्श होता. स्वतःचे असे काही न ठेवता सारा वेळ संघाला द्यायचा, हा त्याचा गाभा. मिशनऱ्यांशी भांडणाऱ्यांनी संघटनेचा नमुना मात्र मिशनऱ्यांकडूनच घ्यावा, यात मला विसंगती दिसत नाही. शत्रूची तटबंदी पाहूनच आपली बांधायची असते.

भेगा मात्र लवकरच दिसू लागल्या, आणि त्या नेमक्या पैशाच्या बाजूने. प्रत्येकाचे वेतन सारखे असले तरी प्रत्येकाचा संसार सारखा नसतो. कोणाच्या मागे मोठे कुटुंब, कोणाला दम्याचा विकार, कोणावर कर्ज. वेतन वाढवावे, निदान गरजेप्रमाणे काही साहाय्य द्यावे, असा विचार पुढे आला. टिळकांनी तो तत्त्वावर अडवला. मग प्रश्न आला बाहेरच्या मिळकतीचा. आपट्यांचे कोश आणि पाठ्यपुस्तके होती, गोखल्यांचे अंकगणित होते, आगरकरांची 'वाक्यमीमांसा' होती, वर्तमानपत्रे तर होतीच. पुस्तक लिहिणे हे शिक्षकाच्या कामात मोडते की बाहेरच्या? वर्तमानपत्र चालवणे? सभेचे चिटणीसपद? या प्रश्नांना घटनेत उत्तर नव्हते, कारण घटना लिहिताना सगळे मित्र होते. मित्रांनी लिहिलेल्या घटनेत नेहमी हाच दोष असतो.

त्यात सामाजिक सुधारणेचा वाद मिसळला. आगरकरांनी १८८७ च्या ऑक्टोबरात 'केसरी' सोडला आणि पुढल्या वर्षी 'सुधारक' काढला. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. आगरकर आणि टिळक यांचे पत्र वेगळे झाले तरी दोघे एकाच महाविद्यालयात शिकवत राहिले, एकाच मंडळात मते देत राहिले. सकाळी एकमेकांवर छापील प्रहार आणि दुपारी एकाच मेजाभोवती बैठक, हे तीन वर्षे चालले. आपण या काळाकडे भांडणाचा काळ म्हणून पाहतो. मला तो या प्रयोगाचा सर्वांत आशादायक काळ वाटतो. मतभेद घेऊन एकत्र राहता येते की नाही, याची ती खरी चाचणी होती, आणि काही काळ तरी उत्तर 'येते' असे होते.

ते १८९० पर्यंतच. त्या वर्षी गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले. आजीव सदस्याने बाहेरचे जोखमीचे काम पत्करावे का, हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि मंडळातले बहुमत टिळकांच्या बाजूला नव्हते. १४ ऑक्टोबरला त्यांनी राजीनामा दिला. १५ डिसेंबरला त्याची कारणे सांगणारे एक भलेमोठे निवेदन सोसायटीला सादर केले. हे निवेदन रागाच्या भरात लिहिलेले नाही. त्यात हिशेब आहेत, ठरावांचे दाखले आहेत, सहकाऱ्यांच्या वागण्याची वर्षानुवर्षांची नोंद आहे आणि मूळ तत्त्व कसे झिजत गेले याची साखळी आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात एखादे मराठी माणसाचे लेखन लावायचे झाले तर मी आधी हे निवेदन सुचवीन. त्यातला टिळकांचा पक्ष मात्र मला संपूर्ण पटत नाही. पंचाहत्तर रुपयांत माणसाचे पोटही घ्यायचे आणि संध्याकाळही घ्यायची, हे तत्त्व स्वतः निभावणाऱ्याला शोभते. दुसऱ्यावर ते लादायचे तर आधी त्याच्या घरचा हिशेब ऐकून घ्यावा लागतो. आगरकर १८९५ मध्ये गेले तेव्हा स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी पुरचुंडीत बाजूला ठेवलेले सापडले, असे सांगतात. असा माणूस धनलोभी होता असे कोण म्हणेल?

पण माझा मुद्दा कोण बरोबर होते हा नाही. या संस्थेने मालक काढून टाकला, पगाराचे आमिष काढून टाकले, हुकूम काढून टाकला. आणि बहुमतात हरलेल्या माणसाने पुढे काय करायचे याची मात्र एकच वाट ठेवली. ती वाट दाराबाहेर जात होती. राजीनामा हे पुणेरी कारभारातले एकमेव तक्रारपत्र झाले.

संस्था टिकली. ती कशी टिकली याची गोष्ट टिळकांच्या निवेदनाइतकी कोणी सांगत नाही. टिळक गणित शिकवत. ती जागा रिकामी झाली तेव्हा गोखल्यांनी आपल्या एका जुन्या मित्राला मुंबईहून बोलावले. १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले, पुढच्या वर्षी आजीव सदस्य झाले आणि १९१४ पर्यंत राहिले. या अवधीत त्यांनी विधवाविवाह केला, अनाथ बालिकाश्रम काढला, हिंगण्याचा माळ तुडवला. म्हणजे टिळकांना जे 'बाहेरचे काम' खुपत होते ते कर्व्यांनी टिळकांच्याच खुर्चीत बसून आयुष्यभर केले, आणि गणिताचा तासही बुडवला नाही. इतिहासाला कधी कधी विनोदबुद्धी असते. कर्व्यांनी १९०८ मध्ये स्वतःचा निष्काम कर्ममठ स्थापला तेव्हा तिथेही प्रतिज्ञा आली.

गोखल्यांनी १८९० वरून वेगळा धडा घेतला असावा. १२ जून १९०५ रोजी फर्ग्युसनजवळच्या टेकडीवर त्यांनी भारत सेवक समाजाची शपथ घेतली आणि दिली. इथे बरोबरीच्या मतांचे मंडळ नाही. इथे पहिल्या सदस्याला जवळजवळ गुरूचे अधिकार आहेत आणि नव्या माणसाला पाच वर्षांची उमेदवारी आहे. मतभेद आत शिरण्याआधीच गाळून घ्यायचे, अशी ही रचना. १९१५ मध्ये गोखले वारल्यावर गांधींना सदस्य करून घ्यावे की नाही यावर समाजात दोन तट पडले, आणि गांधींनी स्वतःहून अर्ज मागे घेतला. राजीनामा टळला, कारण प्रवेशच झाला नाही.

आता पुन्हा नारायण पेठेत येऊ. टिळक सोसायटीतून बाहेर पडल्यावर वाटण्या झाल्या आणि १८९१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' कर्जासकट त्यांच्याकडे आले. मालक नसलेल्या संस्थेचा कट्टर पुरस्कर्ता एका पत्राचा मालक झाला. बडोद्याच्या गायकवाडांचा नारायण पेठेतला वाडा १९०५ च्या सुमारास त्यांनी घेतला आणि घर, छापखाना, कचेरी हे सारे एका आवारात आले. या मालकीची परीक्षा १९०८ मध्ये झाली. मालक सहा वर्षे मंडालेला, आणि पत्र चालू. न. चिं. केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते चालवले. मालकाच्या नावाने, पण मालकावाचून, असा हा एक मधलाच प्रकार सिद्ध झाला.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले आणि तो मधला प्रकार कायमचा झाला. एका बाजूला विश्वस्त, दुसऱ्या बाजूला रामचंद्र आणि श्रीधर हे दोन मुलगे. वाडा राहण्याचा की संस्थेचा? टिळकांचा वारसा रक्ताने जातो की कामाने? कामाने जातो म्हणावे तर 'केसरी' चालवणाऱ्यांचा हक्क मोठा, आणि टिळकांचे स्वतःचे १८९० चे तत्त्व त्यांच्या बाजूने. पण त्याच वाड्यात श्रीधरपंत राहत होते आणि त्यांना तो वाडा वेगळ्या कामासाठी हवा होता. ते बाबासाहेब आंबेडकरांचे स्नेही. एप्रिल १९२८ मध्ये त्यांनी समता संघाची शाखा गायकवाड वाड्यात उघडली, सहभोजन केले. चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी 'प्रत्येकाला एक मत' म्हटले तेव्हा त्या 'प्रत्येका'त कोण कोण येत होते, हा प्रश्न या शहराच्या कोणत्याही घटनेत कोणी विचारला नव्हता. मोरोबादादांच्या वाड्यापासून ते विचारायचे राहून गेले होते. श्रीधरपंतांनी तो घरातच विचारला.

बाहेर वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालू होते. हे भांडण कोणाचे किती बरोबर, याचा निवाडा इथे करण्याचे कारण नाही. दोन्ही बाजूंना कागद होते. एवढे दिसते की विश्वस्तांना संस्था सोडता येत होती, नोकरांना सोडता येत होती, संपादकांना तर पुण्याच्या रिवाजाने ती कितीदाही सोडता येत होती. मुलाला राजीनामा कुठे द्यायचा? २५ मे १९२८ रोजी श्रीधरपंतांनी भांबुर्ड्याजवळ आगगाडीखाली जीव दिला. वय बत्तीस. त्याआधी त्यांनी काही पत्रे टपालात टाकली होती. त्यांतले एक आंबेडकरांना होते.