कंडेन्सरच्या पोटातलं द्रव्य

उन्हाळ्यात कर्जतच्या बाजारात पंखा दुरुस्तीला नेला, की मेकॅनिक आधी पाती हाताने फिरवून बघतो आणि म्हणतो, "कंडेन्सर उतरलाय." अडीच मायक्रोफॅरडची ती डबी फोडली तर आत पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ फिल्मची गच्च गुंडाळी निघते. फिल्मवर धातूचा मुलामा असतो. फिल्म कुठे फुटली, की तिथला मुलामा जळून उडतो आणि कंडेन्सर वाचतो. पण दर वेळी थोडी क्षमता जाते आणि पंखा मंदावतो.

खोपोलीचं टाटांचं वीजघर 1915 मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं 1922 मध्ये. त्या काळी कंडेन्सरमध्ये कागद, काच नाहीतर अभ्रक असे. रेडिओसाठी अभ्रक उत्तम, आणि त्याचा मोठा पुरवठा आपल्या कोडरमा-हजारीबाग पट्ट्यातून जगभर जाई. दुसऱ्या महायुद्धात त्याची चणचण भासली. पर्याय शोधता शोधता अमेरिका, रशिया आणि जपान या तिन्ही देशांत स्वतंत्रपणे बेरियम टायटॅनेट हे सिरॅमिक हाती लागलं. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे वीज साठवण्याच्या कुवतीचं माप, हजाराच्या पुढे, पॉलिप्रॉपिलीनचा जेमतेम 2.2.

अडचण एकच, पण मोठी: हे सिरॅमिक सुमारे 1300 अंशांना भाजावं लागतं. सर्किट बोर्डाच्या थरातच कंडेन्सर बसवायचा, तर त्या तापमानात बोर्ड उरणारच नाही. म्हणून भाजलेल्या सिरॅमिकची पूड इपॉक्सीसारख्या पॉलिमरमध्ये कालवायची वाट निघाली.

इथे हिशेब सरळ लागत नाही. निम्मी पूड घातली तरी मिश्रणाचा स्थिरांक शंभराच्या आतच राहतो. चिक्कीत प्रत्येक दाण्याभोवती गूळ असतो, तसं इथे प्रत्येक कणाभोवती पॉलिमर असतं, आणि विजेचा ताण बहुतेक त्या कमी स्थिरांकाच्या पॉलिमरवरच येतो. पूड वाढवावी तर पोकळ्या राहतात, थर ठिसूळ होतो. कणांच्या गुठळ्याही होतात. त्या टाळायला कणांवर सिलेन या रसायनाचा लेप देतात. पेन स्टेट विद्यापीठाच्या रॉबर्ट न्यूनहॅम यांनी 1978 मध्ये, पिझोइलेक्ट्रिक (दाबल्यावर वीज निर्माण करणाऱ्या) मिश्रणांच्या निमित्ताने, कोणता घटक किती दिशांनी सलग जोडलेला आहे यावरून अशा द्रव्यांचं वर्गीकरण केलं. मला हे मिश्र द्रव्यांवरचं सर्वांत मोलाचं काम वाटतं, कारण त्यामुळे किती मिसळलं याइतकंच कसं मांडलं यालाही महत्त्व आलं.

घाट चढून गेलं की पुण्यात पाषाणला सी-मेट आहे, 1990 मध्ये खास इलेक्ट्रॉनिक्सच्या द्रव्यांसाठी उभारलेली संशोधन संस्था. कर्जत-खालापूरच्या विज्ञान शाखेच्या मुलांना तिची ओळख असायला हवी. तिच्याच त्रिशूरच्या प्रयोगशाळेने टेफ्लॉनमध्ये सिरॅमिकची पूड भरून मायक्रोवेव्ह सर्किटांचे तक्ते विकसित केले. तिथे साठवणीपेक्षा संदेश क्षीण न होणं महत्त्वाचं.