जुन्या डेस्कटॉप संगणकातील रॅमची सुसंगतता

जुन्या डेस्कटॉप संगणकाची स्मृती वाढवताना निवडलेली रॅम त्या संगणकाच्या मदरबोर्डाशी, प्रोसेसरशी, आधीच्या रॅमशी आणि संचालन प्रणालीशी जुळणे, यास रॅमची सुसंगतता असे म्हणतात. रॅमची पट्टी खोबणीत बसणे ही सुसंगततेची पहिली अट आहे, एकमेव नव्हे. खोबणीत नीट बसलेली पट्टीही मदरबोर्डाला ओळखता आली नाही, तर संगणक सुरू होत नाही किंवा स्मृती अपुरी दाखवतो. शाळा, ग्रंथालये, छोटी कार्यालये आणि घरे येथील जुने संगणक आणखी काही वर्षे वापरात ठेवण्याचा स्मृतिवाढ हा कमी खर्चाचा मार्ग आहे. मात्र चुकीची पट्टी घेतल्यास तो खर्च वाया जातो.

## रॅमच्या पिढ्या

डेस्कटॉप संगणकांत वापरल्या जाणाऱ्या डीडीआर रॅमच्या पाच पिढ्या आहेत. त्यांची मानके जेडेक ही संस्था ठरवते.

- डीडीआर (मानक २०००): १८४ संपर्कबिंदू, २.५ व्होल्ट
- डीडीआर२ (२००३): २४० संपर्कबिंदू, १.८ व्होल्ट
- डीडीआर३ (२००७): २४० संपर्कबिंदू, १.५ व्होल्ट
- डीडीआर४ (२०१२): २८८ संपर्कबिंदू, १.२ व्होल्ट
- डीडीआर५ (२०२०): २८८ संपर्कबिंदू, १.१ व्होल्ट

एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खोबणीत चालत नाही. डीडीआर२ व डीडीआर३ यांची लांबी आणि संपर्कबिंदूंची संख्या सारखी असली, तरी पट्टीच्या खालच्या कडेची खाच वेगळ्या जागी असते. पट्टी सहज बसत नसेल, तर ती बळाने दाबू नये. खोबण आणि पट्टी दोन्ही निकामी होऊ शकतात. लॅपटॉपची आखूड पट्टी डेस्कटॉपच्या खोबणीत बसत नाही.

डीडीआर३एल ही १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३ रॅम आहे. ती सामान्यतः १.५ व्होल्टच्या मदरबोर्डावरही चालते. याउलट, केवळ डीडीआर३एल मागणाऱ्या मदरबोर्डावर १.५ व्होल्टची रॅम वापरणे योग्य नाही.

## मदरबोर्डाची मर्यादा

रॅम किती आणि कोणत्या प्रकारची चालेल, हे स्मृतिनियंत्रक ठरवतो. इंटेलच्या कोअर २ काळातील संगणकांत तो मदरबोर्डाच्या चिपसेटमध्ये असे. त्यानंतरच्या कोअर आय मालिकेत तो प्रोसेसरमध्ये आला. एएमडीने हा बदल २००३ मध्येच केला होता. भारतात मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या काही इंटेल चिपसेटांच्या मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत.

- जी३१ : डीडीआर२, कमाल ४ जीबी.
- जी४१ : डीडीआर२ किंवा डीडीआर३, कमाल ८ जीबी. काही मदरबोर्डांवर दोन्ही प्रकारच्या खोबणी असतात; परंतु त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत.
- एच६१ व एच८१ : डीडीआर३, सामान्यतः दोन खोबणी, कमाल १६ जीबी.

प्रत्यक्ष मदरबोर्डाची मर्यादा चिपसेटपेक्षाही कमी असू शकते. म्हणून मदरबोर्डावर छापलेला क्रमांक पाहून उत्पादकाची पुस्तिका वाचणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय.

## चिपची घनता

सुसंगततेच्या अनेक अडचणी या बाबीतून उद्भवतात. ४ जीबीची डीडीआर३ पट्टी दोन प्रकारे बनते : २ गिगाबिटच्या १६ चिप लावून, अथवा ४ गिगाबिटच्या ८ चिप लावून. दोन्हींची क्षमता एकच असते. परंतु जी४१ आणि पहिल्या पिढीच्या कोअर आय प्रोसेसरांसोबतच्या मदरबोर्डांना ४ गिगाबिटच्या चिप हाताळता येत नाहीत. अशा वेळी संगणक सुरूच होत नाही किंवा निम्मीच क्षमता दाखवतो. या संगणकांसाठी दोन्ही बाजूंस आठ-आठ चिप असलेली पट्टी घ्यावी.

काही स्वस्त पट्ट्यांवर त्या केवळ एएमडी संगणकांसाठी असल्याचा उल्लेख असतो. त्यांतील चिपची रचना निराळी असल्याने इंटेलच्या सामान्य डेस्कटॉपमध्ये त्या चालत नाहीत.

## पट्टीवरील मजकूर वाचणे

पट्टीच्या कागदी चिठ्ठीवर बहुतेक आवश्यक माहिती असते. उदाहरणार्थ, “४जीबी २आरएक्स८ पीसी३-१०६००यू” अशा नोंदीचा अर्थ पुढीलप्रमाणे लागतो.

- ४जीबी : क्षमता.
- २आर : चिपचे दोन गट. ४ जीबीच्या पट्टीवर “२आरएक्स८” असल्यास १६ चिप, तर “१आरएक्स८” असल्यास ८ चिप असतात.
- एक्स८ : चिपची रुंदी ८ बिट. येथे “एक्स४” असल्यास ती पट्टी इंटेलच्या सामान्य डेस्कटॉपसाठी टाळावी.
- पीसी३ : डीडीआर३ पिढी.
- १०६०० : दर सेकंदाला सुमारे १०,६०० एमबी वहनक्षमता, म्हणजे डीडीआर३-१३३३. वेगाच्या आकड्याला ८ ने गुणल्यास हा आकडा मिळतो. डीडीआर३-१६०० साठी तो १२,८०० होतो.
- यू : सामान्य डेस्कटॉपची पट्टी. “एस” म्हणजे लॅपटॉपची, “आर” म्हणजे सर्व्हरची. सर्व्हरमधून काढलेली “आर” रॅम स्वस्तात मिळते आणि खोबणीत बसतेही; परंतु सामान्य डेस्कटॉपमध्ये ती चालत नाही.

## वेग आणि जोडी

अधिक वेगाची पट्टी कमी वेगाच्या मदरबोर्डावर सहसा चालते. ती मदरबोर्डाच्या वेगाने काम करते. भिन्न वेगाच्या दोन पट्ट्या एकत्र लावल्यास दोन्ही कमी वेगाने चालतात. त्यामुळे जुन्या संगणकासाठी अधिक वेगाच्या रॅमकरिता जास्त पैसे मोजण्यात लाभ नसतो. सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या योग्य खोबणींत लावल्यास दोन मार्गांनी माहितीचे वहन होते. चार खोबणी असतील, तर जोडीच्या खोबणी बहुधा एका रंगाच्या असतात.

## संचालन प्रणाली

३२ बिटच्या विंडोजमध्ये ४ जीबी रॅम लावली, तरी साधारण ३ ते ३.५ जीबीच वापरता येते. त्याहून अधिक रॅमचा लाभ घेण्यासाठी ६४ बिटची प्रणाली लागते. विंडोज ७ होम बेसिकची ६४ बिट आवृत्ती कमाल ८ जीबी वापरते.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी विशिष्ट प्रोसेसर व टीपीएम २.० आवश्यक असल्याने केवळ रॅम वाढवून जुना संगणक त्यास पात्र ठरत नाही. अशा संगणकांवर लिनक्सवर आधारित प्रणाली वापरता येते. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही त्यांपैकी एक आहे.

## सातारा व सांगली जिल्ह्यांतील परिस्थिती

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ मध्ये सुरू केलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावांपर्यंत संगणक केंद्रे पोहोचली. शाळा-महाविद्यालयांतील संगणक कक्षांप्रमाणे अशा केंद्रांतही एकाच बनावटीचे अनेक संगणक एकत्र खरेदी केलेले असतात. स्मृतिवाढीच्या दृष्टीने ही सोयीची बाब आहे. प्रत्येकी २ जीबीची एक पट्टी असलेले १० सारखे संगणक असतील आणि त्यांत दोन-दोन खोबणी असतील, तर ५ संगणकांतील पट्ट्या उरलेल्या ५ संगणकांत लावून नवी खरेदी न करता ४ जीबीचे ५ संगणक तयार होतात.

हवामानाचाही येथे संबंध येतो. महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि शिराळा या पश्चिमेकडील तालुक्यांत पावसाळ्यात हवा दीर्घकाळ दमट राहते. त्यामुळे संपर्कबिंदूंवर थर साचून चांगली रॅमही ओळखली जात नाही. नवी पट्टी विकत घेण्यापूर्वी जुनी पट्टी काढून तिचे संपर्कबिंदू मऊ पांढऱ्या खोडरबराने हलके पुसावेत, कण झटकावेत व ती पुन्हा बसवून पाहावी. माण, खटाव, आटपाडी व जत या कोरड्या भागांत स्थिर विजेचा धोका अधिक असतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पुरात भिजलेल्या संगणकातील रॅम वरून स्वच्छ दिसली, तरी चिपखालील जोडांत गंज राहू शकतो. वापरलेली रॅम घेताना म्हणूनच चाचणी करून घेणे व परत करण्याची मुभा मागणे आवश्यक ठरते.

## बसवणे व चाचणी

संगणक बंद करून वीजतार काढावी, सुरू करण्याची कळ एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि पट्टी हाताळण्यापूर्वी पेटीच्या धातूच्या भागाला स्पर्श करावा. खाच जुळवून पट्टीची दोन्ही टोके सारखी दाबल्यावर कडेच्या पकडी बसतात. त्यानंतर बायोसमध्ये पूर्ण क्षमता दिसते का, हे पाहावे. मेमटेस्ट८६ या प्रणालीची किमान एक पूर्ण फेरी चालवावी. एकही दोष आढळल्यास ती पट्टी वापरू नये, कारण सदोष रॅममुळे साठवलेल्या धारिकाही बिघडू शकतात.

## स्मृतिवाढीची उपयुक्तता

नेहमीचे काम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये स्मृतीचा वापर पाहावा. रॅम जवळजवळ भरलेली असेल आणि हार्ड डिस्क सतत चालत असेल, तर स्मृतिवाढीचा लाभ होतो. रॅम मोकळी असूनही संगणक मंद असेल, तर नवी रॅम घेऊन फरक पडत नाही. तेव्हा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे अधिक उपयुक्त ठरते. मदरबोर्ड आधीच कमाल मर्यादेला पोहोचला असल्यास स्मृतिवाढ शक्य नसते.

## हेही पहा

- रॅम
- मदरबोर्ड
- लिनक्स
- ई-कचरा